पाऊण, पुरा, सव्वा, दीड

ताईंना गाणं येत नव्हतं. देवापुढं चार ओळी म्हणायच्या, त्याही त्या मनातल्या मनात म्हणत. उगाच देवाच्या कानाला त्रास कशाला. आणि अशी बाई एकतीस वर्षं शहराच्या बँडचं स्टोअर सांभाळत होती. नोकरीला लागल्या तेव्हा त्या टायपिस्ट होत्या. आधीचे स्टोअरकीपर रिटायर झाले, त्या धुळीच्या खोलीत बसायला दुसरं कोणी तयार होईना, तेव्हा साहेबांनी "दोन महिने बघा जरा" म्हणून किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला. ते दोन महिने अजून संपले नव्हते.

स्टोअर म्हणजे एक लांबलचक खोली. एकच खिडकी, तीही अर्धी कपाटामागं गेलेली. पितळेचा, ग्रीसचा आणि जुन्या कातड्याचा असा एक वास तिथं कायम असे, तो ताईंच्या साडीला लागून घरापर्यंत येई. कुठल्या क्लॅरिनेटच्या पेटीचं कुलूप रुसतं, कुठल्या ढोलाला उकाड्यात ताण द्यावा लागतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. वाजवता एकही येत नव्हतं. "मी भटारखान्यातली बाई," त्या म्हणत, "पंगतीत बसायचं माझं काम नाही."

आता छप्पन्न पुरी झाली होती. गुडघे बोलायला लागले होते. सकाळी उठून नवऱ्याच्या डोळ्यांत औषध घालायचं, त्यांना पेपरातल्या मोठ्या बातम्या वाचून दाखवायच्या, दोन वेळचं करून ठेवायचं, मग बस. अंगातला उत्साह कधी गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. कपड्याचा रंग धुऊन धुऊन जातो, पण नेमका कोणत्या धुण्याला गेला हे कोण सांगणार? तसंच ते. दोन वर्षं राहिली होती. दोन वर्षं निघाली की झालं, एवढंच त्या म्हणत, आणि देवाकडंही तेवढंच मागत.

या स्टोअरमध्ये अकरा ट्यूबा होते. ट्यूबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खालच्या आवाजाचं पितळी वाद्य. मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसं घेऊन बसायचं. फक्त हे मूल बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वर जातं. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारखान्यांतून ते आले होते. प्रत्येकाबरोबरच्या कागदावर कारखान्यानं त्याचा आकार छापलेला असे: तीन भागिले चार, चार भागिले चार, पाच भागिले चार, सहा भागिले चार. बँडमधली माणसं एवढं लांब कशाला बोलतील? ती सरळ म्हणत, पाऊण, पुरा, सव्वा आणि दीड. स्टोअरमध्ये दोन पाऊण होते, सहा पुरे, दोन सव्वा आणि एक दीड. त्या दीडला सगळे दीडशहाणा म्हणत, कारण तो वाजवायला घेणाऱ्याची फजिती ठरलेली.

ताईंनी पहिल्याच वर्षी हे आकडे रजिस्टरमध्ये उतरवून घेतले होते. वडिलांनी लहानपणी पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतलेली. पाऊण म्हणजे चारातले तीन, पुऱ्यापेक्षा कमी. यात शंका घ्यायला जागाच कुठं होती? पाऊण किलो काय नि पाऊण ट्यूबा काय.

ट्यूबा वाजवणाऱ्यांत सगळ्यात जुने म्हणजे खर्जे. हे त्यांचं आडनाव नव्हे. आवाज इतका खालचा, की टेलिफोनवर पलीकडच्या माणसाला वाटे लाइनच बिघडली आहे. म्हणून कोणीतरी खर्जे म्हटलं आणि ते चिकटलं. पगाराच्या चिठ्ठीवर खरं नाव पाहून नवा शिपाई एकदा ती परत घेऊन गेला होता, "असा कोणी माणूस इथं नाही" म्हणून. ताईंपेक्षा ते एक वर्षानं लहान, त्यामुळं ताईंना ताईच म्हणत, आणि ताई त्यांना भाऊ.

त्या वर्षी थंडीत खर्ज्यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे हॉस्पिटलात होते. दाराएवढा माणूस, परत आला तेव्हा शर्ट हँगरला लावावा तसा अंगावर लोंबत होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: वाजवण्याचे काम सुरू करण्यास हरकत नाही, मात्र काही काळ लहान वाद्य द्यावे.

ती चिठ्ठी फिरत फिरत ताईंच्या टेबलावर आली. त्यांनी रजिस्टर उघडलं. लहानात लहान म्हणजे पाऊण. दोन पाऊणांपैकी एकाची कळ जाम झालेली, म्हणून दुसरा काढला, पुसला, कळांना तेल दिलं आणि खर्ज्यांना दिला. "लहान आकाराचे वाद्य दिले" असं लिहिलं, त्यांनी सही केली, खर्ज्यांनी सही केली. खर्ज्यांचा नेहमीचा पुरा ट्यूबा त्यांच्या शेजारी बसणाऱ्या वादकाकडं गेला.

सहा आठवडे गेले. बँडमास्तर हे वयानं दोघांपेक्षाही लहान. शिस्तीचे, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी सहा आठवडे ऐकून घेतलं. खर्जे सूर धरायचे आणि मध्येच सोडायचे. तोंड लाल व्हायचं, कपाळावर घाम यायचा. शेवटी मास्तरांनी साहेबांना कळवलं, की लहान वाद्य देऊनही यांचा श्वास पुरत नाही. साहेबांचा शेरा आला: शुक्रवारी वीस मिनिटं सलग वाजवून घ्यावं. जमलं नाही, तर वादकाच्या जागेवरून काढून कार्यालयाच्या फाटकावर पास तपासायला बसवावं.

तेहेतीस वर्षं ज्या माणसानं सगळ्या बँडच्या पायाखाली आवाजाची जमीन धरली होती, त्यानं आता स्टुलावर बसून लोकांचे पास बघायचे. ताईंनी ते ऐकलं आणि नुसतं "अरेरे" म्हणून त्या रजिस्टरकडं वळल्या. दुसऱ्याच्या दुःखाला जागा द्यायची म्हणजे आपल्या मनात थोडी मोकळी जागा लागते. ती त्यांच्याकडं उरली नव्हती.

सोमवारी दुपारी खर्ज्यांची बायको स्टोअरच्या दारात उभी राहिली. पदर खोचलेला, हातात रिकामी पिशवी. ताईंना वाटलं डबा द्यायला आल्या असतील.

"या ना वहिनी. भाऊ वर तालमीत आहेत."

"त्यांना नाही, तुम्हालाच भेटायला आले. हे लहान म्हणून दिलंत का हो तुम्ही?"

"काय?"

"ते धूड! घरी घेऊन येतात रोज सरावाला. बसतात, चार फुंका मारतात नि खाली ठेवतात. मी विचारलं तर काय म्हणाले माहितेय? म्हणाले, अगं पाऊण आहे हा, पाऊण. लहान पोरांनी वाजवायचा. तोसुद्धा मला भरत नाही, म्हणजे मी संपलो." वहिनींचा आवाज चढता चढता एकदम खाली आला. "रात्रीचं जेवत नाहीत धड. हॉस्पिटलात होते तेव्हासुद्धा एवढं तोंड उतरलं नव्हतं."

"वहिनी, आजारपणानं अशक्तपणा येतोच. त्याला वेळ लागतो."

"ते मला सांगू नका. मी तेहेतीस वर्षं त्या पितळेबरोबर संसार केलाय, सवतीसारखा. आधीचं होतं ना, ते आमच्या कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये बसायचं. बरोब्बर बसायचं. आणि हे तुमचं लहान, ते बसत नाही तिथं."

"पेटी मोठी असेल याची."

"पेटी गॅलरीत आहे हो. पेटीचं कोण बोलतंय? नुसतं वाद्य म्हणतेय मी. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी कपाट सरकवायला गेले तर पाठीत चमक भरली." आणि मग जाता जाता त्यांनी टोमणा मारलाच, "तुमच्या कागदावर लहान असेल. आमच्या घरात मोठं आहे."

त्या गेल्यावर ताईंनी रजिस्टर उघडून पाऊणची नोंद पुन्हा वाचली. असं कसं होईल? पुरा मावतो तिथं पाऊण मावत नाही? वहिनींचा काहीतरी घोटाळा. बाई माणूस, नवऱ्याच्या काळजीनं बावचळलेली. पण घरात काय कुठं मावतं, यात बाई चुकत नाही, हेही ताईंना पक्कं ठाऊक होतं. त्या स्वतः डोळे मिटून सांगू शकल्या असत्या, आपल्या ओट्याखाली कुठला डबा जातो आणि कुठला नाही.

मंगळवारी त्या घरून दोन गोष्टी घेऊन निघाल्या. शिवणाच्या डब्यातली फीत, आणि नवऱ्याचा वजनकाटा. नवरा म्हणाला, "काटा कुठं नेतेस? बँडला डाएटवर ठेवतेस की काय?"

"एकाचं वजन करायचंय."

"अगं पण मी उद्या काय बघू?"

"आज काय दिसतंय तुम्हाला त्याच्यावरचं?" त्या बोलून गेल्या, आणि मग वाईट वाटून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून निघाल्या.

तालमीच्या सुट्टीत त्यांनी तीन ट्यूबा खोलीच्या मधोमध आणून ठेवले. खर्ज्यांना दिलेला पाऊण. खर्ज्यांचा आधीचा पुरा. आणि तिसरा असाच, मागच्या फळीवर सात-आठ वर्षं पडून असलेला, पोचे आलेला एक पुरा. तो कोणीच मागत नसे, म्हणून. मोठ्या ढोलाचा वादक चहाचा कप घेऊन दारात येऊन टेकला. हा माणूस ढोल बडवत नसेल तेव्हा जीभ चालवत असे.

ताईंनी आधी उंची मोजली. पाऊण अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. खर्ज्यांचा पुरा सत्त्याण्णव. पडीक पुरा ब्याण्णव.

"झालं की," ढोलवाला म्हणाला, "पाऊणच सगळ्यात लहान. वहिनींनी उगाच तुमची दुपार खाल्ली."

ताईंनाही सुटल्यासारखं वाटलं. फीत गुंडाळता गुंडाळता त्या थांबल्या. पोरीला ब्लाऊज शिवताना कोणी नुसती उंची घेतं का? त्या पुन्हा खाली बसल्या, गुडघ्यांनी केलेली तक्रार ऐकली न ऐकली केली, आणि ट्यूबाच्या वरच्या पसरट तोंडाची रुंदी घेतली. पाऊण त्रेचाळीस. खर्ज्यांचा पुरा बेचाळीस. पडीक पुरा सदतीस. मग खालच्या वळणाचा घेर, जिथं नळी पोटासारखी फुगते तिथला. पाऊण पंचेचाळीस. खर्ज्यांचा त्रेचाळीस. पडीक अडतीस.

"बुटका आहे, पण जाडा आहे," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"आमच्या मेव्हण्यासारखा. लांबून बारीक दिसतो," ढोलवाला म्हणाला, पण चहा बाजूला ठेवून तो आत आला.

वजन करायचं तर ट्यूबा काट्यावर उभा राहीना. मग ताई स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या, ट्यूबा पोटाशी धरून, आणि ढोलवाल्यानं वाकून आकडा वाचला.

"एकाहत्तर. आता यातले ट्यूबाचे किती नि तुमचे किती, कोणाला विचारू?"

"मला एकटीला बघ आता. आणि आकडा बाहेर गेला तर तुझ्या ढोलाला भोक पाडीन."

"एकसष्ट आणि वर थोडं. ताई, तुम्ही पुरा की सव्वा हो?"

"गप लिही."

पाऊण साडेनऊ किलोच्या वर गेला. खर्ज्यांचा पुरा सव्वानऊ. पडीक पुरा साडेसात. मग दुरुस्तीच्या टेबलावरचा व्हर्निअर आणून नळीचं आतलं भोक मोजलं. तिथंही पाऊणच रुंद, पडीक सगळ्यात अरुंद.

"मग पाऊण कशाचा पाऊण?" ढोलवाल्यानं विचारलं. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "नळीच्या लांबीचा असेल."

ताईही इतकी वर्षं तेच समजत होत्या. कोणी विचारलंच तर सांगतही होत्या. त्यांनी सुतळीचं बंडल काढलं आणि फुंकायच्या टोकापासून तोंडापर्यंत, वळणावळणानं, सुतळी फिरवली. एकाची झाली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. तिन्ही सुतळ्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. हातभर इकडंतिकडं सोडलं तर सारख्या. अठरा फुटांच्या आसपास.

नळी सारखी, म्हणून सूर सारखा. ती आखूड केली तर सूरच चढेल, मग तो वेगळ्या सुराचा ट्यूबा झाला. लहानमोठेपणा लांबीत नव्हताच. तो अंगात होता, घेरात, तोंडात. आणि ते माप कोणी ठरवलेलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या घरच्या मापानं नाव ठेवलं होतं. कागद काढून पाहिले तेव्हा उलगडलं. खर्ज्यांचा पाऊण आणि तो दीडशहाणा एकाच कारखान्याचे. तो कारखाना सगळंच अवाढव्य बनवणारा, आणि हत्तीचं पाऊण केलं तरी ती म्हैसच होणार. पडीक ट्यूबा होता एका छोट्या कारखान्याचा. तो एकच आकार करत असे. एकुलता एक मुलगा थोरलाही असतो आणि धाकटाही. त्यानं आपल्या त्या एकुलत्या एकाला पुरा म्हटलं होतं, झालं.

रेडिमेड कपड्याच्या दुकानात एकाचा मीडियम दुसऱ्याचा एक्स्ट्रा लार्ज निघतो, हे ताईंना वीस वर्षं माहीत होतं. तिथं त्या नंबर बघतच नसत, अंगाला लावून बघत. इथं मात्र एकतीस वर्षं नंबर बघत आल्या. आणि आजारातून उठलेल्या माणसाला त्यांनी त्याच्या आधीच्यापेक्षा मोठं वाद्य दिलं होतं, लहान म्हणून.

ढोलवाला गेल्यावर त्यांनी खुर्चीत बसून डोळे मिटले. देवा, म्हणाल्या, आणि उठून तिन्ही सुतळ्या गुंडाळून ठेवल्या.

बुधवारी त्या मास्तरांकडं गेल्या. मास्तरांनी सगळे आकडे शांतपणे वाचले.

"ताई, कारखान्यानं छापलंय. तुम्ही एकतीस वर्षं हेच लिहीत आलात."

"चुकीचं लिहीत आले."

"पण आपल्याकडं सगळेच तसं समजतात. मीही समजत होतो."

"तुम्ही वाजवता मास्तर, तुमचं काम सूर बघण्याचं. वाद्य बघायचं काम माझं होतं."

मास्तर स्वतः ट्रम्पेटवाले. ते उठून स्टोअरमध्ये आले, पाऊण आणि पडीक पुरा आळीपाळीनं मांडीवर घेतले आणि घड्याळाकडं बघत एका श्वासात एकच खालचा सूर धरला. पाऊणवर नऊ सेकंदांत त्यांचा श्वास संपला. पोचे आलेल्या पुऱ्यावर तेरा. पुन्हा करून पाहिलं, तेच. एवढा तरणा माणूस, तोंड पुसत बसला.

"हा पहिला हवा खातो नुसती," ते म्हणाले. "आणि मी रिपोर्टात लिहिलं, लहान वाद्य देऊनही."

"आता काय करायचं?"

मास्तरांनी जरा अडखळत सांगितलं. साहेबांकडं गेलेला शब्द मागं घ्यायचा, तर कागद लागेल. वाद्य चुकीचं दिलं गेलं, असं स्टोअरकडून लेखी यावं लागेल. "म्हणजे तुमच्या सहीनं. साहेबांचा स्वभाव तुम्हाला माहितेय. निष्काळजीपणा म्हणतील. तुमच्या फाइलीत मेमो लागेल."

ताईंच्या फाइलीत एकतीस वर्षांत एक लाल रेघ नव्हती. फार मोठं काही करून दाखवलं नव्हतं त्यांनी आयुष्यात. पोरीचं लग्न, राहती जागा, आणि ती कोरी फाइल.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोन वर्षं राहिली तुझी. दुसरा ट्यूबा गुपचूप बदलून दे ना त्यांना. वाजवतील. कोणाला कळतंय?"

"त्यांना कळायला नको का?"

"काय?"

"की ते संपले नव्हते ते."

ताईंनी नवऱ्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब सोडले, पाच मिनिटं मोजली, आणि त्याच टेबलावर बसून कागद लिहिला. तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन्हींत "कारखान्याच्या नोंदीमुळे" असं आलं होतं. तिसऱ्यात त्यांनी ते काढून टाकलं. "प्रत्यक्ष मोजमाप न करता मी वाद्य दिले." एवढंच ठेवलं.

गुरुवारी सकाळी तो कागद मास्तरांच्या हातात देऊन त्यांनी खर्ज्यांना स्टोअरमध्ये बोलावलं. खुर्ची पुढं केली. सुतळ्या दाखवल्या, आकडे दाखवले, सगळं सांगितलं. वाटलं होतं, भाऊ हसतील. निदान सुटकेचा श्वास टाकतील.

खर्जे हसले नाहीत. म्हणाले, "सहा आठवडे."

"हो."

"सहा आठवडे मी रोज उठून त्या पितळेला तोंड लावलं नि रोज हरलो. बायकोला सांगितलं, धाकट्या भावाला सांगितलं. पोराला फोन करून सांगितलं, की बाबा आता फाटकावर बसणार, मनाची तयारी ठेव." त्यांचा तो खालचा आवाज खोलीत घुमत नव्हता, नुसता पडत होता. "एक फीत लावून बघायची होती ताई. एक फीत."

"चुकलं माझं."

"माझंही चुकलंच. रोज मांडीवर घेत होतो. मांडीला कळत होतं जड आहे. पण पाऊण म्हणून लिहिलंय म्हटल्यावर मी मांडीवर विश्वास ठेवला नाही." ते उठले. पोचे आलेला ट्यूबा उचलला, एकदा वजन तोललं, आणि घेऊन गेले. दार ओढून घेतानाही त्यांनी मागं पाहिलं नाही. ताईंना वाटलं, बरोबर आहे. आपण त्यांच्या जागी असतो तर दार आपटलं असतं.

शुक्रवारी तालमीच्या हॉलमध्ये साहेबांच्या वतीनं हेडक्लार्क येऊन बसले, मास्तर उभे राहिले, बाकीचा बँड आपापल्या खुर्च्यांवर. ताईंना बोलावलेलं नव्हतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या, हातात किल्ल्या घट्ट धरून, वाजू नयेत म्हणून.

खर्ज्यांनी सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं आवाज थरथरत होता. त्या ट्यूबाचा आवाज लहानच होता, बारीक नाही, पण आखडता. खर्ज्यांच्या जुन्या आवाजानं खिडकीची काच हलायची, तसलं काही यात नव्हतं. दहाव्या मिनिटाला त्यांनी एक सूर सोडला. हेडक्लार्कनं कागदावर काहीतरी लिहिलं. खर्ज्यांनी दोन श्वास घेतले आणि पुढचा सूर धरला. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी ताईंना गाणं येत नसूनही कळली. ते मोठा आवाज काढायच्या भानगडीतच पडेनात. जेवढा श्वास तेवढाच सूर, बाकी ठिकाणी बँडला पुढं जाऊ दिलं. चौदा मिनिटं. सतरा. ढोलवाला, जो एरवी कोणासाठी हात आवरत नसे, तो आज हलक्या हातानं वाजवत होता.

विसाव्या मिनिटाला मास्तरांनी हात खाली केला. खर्जे वाद्यावर कपाळ टेकवून बसून राहिले. त्यांची पाठ भात्यासारखी वरखाली होत होती.

"बसून जमतंय," मास्तर हेडक्लार्कना म्हणाले. "चालत वाजवणं जमणार नाही. मिरवणुकीला मी यांना नेणार नाही. पण बागेतले आणि सभागृहातले कार्यक्रम हे करतील."

"म्हणजे काय लिहू? योग्य का अयोग्य?"

"बसून वाजवण्यास योग्य. असंच लिहा."

हेडक्लार्कनी कपाळाला आठी घालून तसंच लिहिलं. जाता जाता ताईंपाशी थांबून म्हणाले, "तुमचा मेमो सोमवारी निघेल. आणि साहेबांनी सांगितलंय, अकराच्या अकरा ट्यूबा मोजून नवीन तक्ता करा. तोंड, घेर, उंची, भोक, वजन, सगळं." ताईंनी मान हलवली. अजून आठ वेळा त्या काट्यावर चढायचं होतं, त्यात तो दीडशहाणाही आला.

हॉल रिकामा झाला तरी खर्जे उठले नव्हते. ताई जवळ जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"आवाज गेला माझा," खर्जे म्हणाले. "जुना तो."

"हो."

"परत यायचा नाही बहुतेक."

ताईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. खोटं बोलायची त्यांना आता भीती बसली होती.

खर्ज्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि टेबलावर राहिलेल्या कागदाकडं हात केला. "तो काय, त्यांनी लिहिलेला? मला घरी दाखवायला मिळेल का? ती विश्वास ठेवायची नाही नुसत्या सांगण्यावर."

"ऑफिसची प्रत आहे ती भाऊ. नेता नाही यायची."

"बरं."

"पण थांबा." ताईंनी पर्समधून रेघांचा कागद काढला, चष्मा लावला आणि हेडक्लार्कची ओळ जशीच्या तशी उतरवायला घेतली. हात थकला होता, अक्षर तिरपं येत होतं. खर्जे ट्यूबावर हात ठेवून, वाकून, शब्द न् शब्द बरोबर उतरतोय ना ते बघत राहिले.